नवरा पोलिसात आहे. आम्ही बायकांनी फेसबुकवर पान काढलं तर?

डिचोलकरीण

नमस्कार. मी घरी ब्लाऊज शिवते. माहेर सावंतवाडी, सासर डिचोली तालुक्यात. नवरा पोलीस कॉन्स्टेबल, नोकरीला चौदा वर्षं झाली. ठाणं विचारू नका, प्रश्नच तसा आहे.

गेल्या शिगम्याची गोष्ट. चित्ररथांच्या मिरवणुकीचा बंदोबस्त होता म्हणून हा दुपारी दोनला डबा घेऊन गेला. रात्री साडेदहाला मी एका ब्लाऊजला हूक लावत बसले होते, तेवढ्यात महिला मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बावीस सेकंदांचा. रेंटची गाडी, काळी पाटी, पिवळे आकडे. एक पोलीस गाडीच्या काचेवर हात आपटतोय आणि आतल्या माणसावर ओरडतोय. मागे ढोल वाजतायत, त्यामुळे शब्द नीट कळत नाहीत. खाली कोणीतरी लिहिलेलं, ‘पर्यटकाकडून पैसे उकळताना पोलीस’. आमच्याच वाड्यावरच्या बाईने तो पुढे ढकलला होता. तिने ओळखलं नाही, कारण टोपीमुळे चेहरा अर्धा झाकलेला. मी ओळखलं ते घड्याळावरून. पट्टा तुटला होता, तो मीच काळ्या दोऱ्याने शिवून दिला होता. माझा टाका मला कळणार नाही?

हा घरी आला पहाटे पावणेदोनला. तोवर व्हिडिओ सावंतवाडीला माझ्या भावाकडे पोचला होता.

त्याने सांगितलं ते असं. रस्ता बंद होता. गाडीवाल्याने स्वतःच उतरून बॅरिकेड बाजूला सारलं आणि गाडी आत घातली. पुढे रोमटामेळात शाळेची पोरं नाचत होती. ह्याने आडवा हात केला, तरी गाडी हळूहळू पुढेच, बंपर ह्याच्या नडगीला लागला. मग काच खाली झाली, पाचशेची नोट बाहेर आली, ‘ले, और जाने दे’. व्हिडिओ सुरू होतो त्याच्या नंतर.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला. अडीच महिने ते लटकत राहिलं. शेवटी काही निघालं नाही, प्रकरण मिटलं. पण मिटलं हे कोणाला कळलं? व्हिडिओ हजारोंनी पाहिला, मिटल्याचा कागद आम्ही दोघांनी. पोरगा चौथीत आहे, वर्गात त्याला ‘पाचशे’ म्हणून हाक मारायचे.

खात्यांच्या पानांवर काय असतं ते तुम्हीही बघता. हेल्मेट घाला, ओटीपी सांगू नका, अमुक किलो गांजा पकडला, साहेबांनी झेंडा फडकावला. ते चुकीचं आहे असं म्हणत नाही मी. पण त्यात शिपाई दिसतो तो गांजाच्या पुड्यांमागे उभा राहिलेला, हात मागे बांधून. नोव्हेंबरात इफ्फी चित्रपट महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, मग नाताळ, नवं वर्ष, कार्निव्हल, शिगमो. चवथीला घरचा गणपती ह्याने गेल्या पाच वर्षांत दोनदा बसवला. हे कुठे येतं?

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, इथे पोलिसांची युनियन असते, तिचं स्वतःचं ट्विटर असतं, एखाद्यावर आळ आला की तासाभरात त्याची बाजू जगासमोर. आपल्याकडे पोलिसाला तोंड उघडायची परवानगी नाही हे मला माहीत आहे. पण आम्ही बायका काही पोलीस नव्हे. आम्ही आठजणी आहोत, नावही ठरलंय. नवऱ्यांची नावं न घालता फेसबुकवर पान काढायचं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कायद्याने चालेल का? आणि ह्याने लोकांचा पोलिसांवरचा विश्वास वाढेल, की आम्ही उगाच हात पोळून घेऊ?

---

वाळपईचो म्हातारो

बाय, मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. भरती झालो तेव्हा गोवा, दमण आणि दीव एकच होतं. घटक राज्य व्हायचं होतं. त्यामुळे माझं बोलणं जुन्या काळातलं समज आणि पटलं नाही तर सोडून दे.

युनियन हा शब्द उच्चारू नकोस. नवऱ्याचं भलं हवं असेल तर घरात पण नको. मुंबईत १९८२ साली काय झालं ते आमच्या पिढीला ठाऊक आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपायांची संघटना होती, मान्यता असलेली. मागण्या काय मोठ्या होत्या? पगार, घर, आठ तास ड्युटी, साहेबाच्या घरची धुणीभांडी नकोत. १८ ऑगस्टला पहाटे पुढाऱ्यांना उचललं, शिपाई रस्त्यावर आले, दगडफेक, जाळपोळ, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. संघटना गेली, नोकऱ्या गेल्या. माझा एक नातेवाईक तेव्हा तिथे शिपाई होता. नंतर त्याने दादरला भाजीचा गाळा चालवला. त्याची बायको आम्हाला सांगायची, ह्यांना अजून झोपेत शिट्टी ऐकू येते.

आमच्या वेळी तक्रार सांगायची जागा म्हणजे ऑर्डर्ली रूम. टोपी घालून साहेबासमोर सावधान उभं राहायचं आणि म्हणायचं, सर, रजा मिळत नाही. साहेब चांगला असला तर रजा मिळायची. नसला तर बदली मिळायची. हसू नकोस, खरं सांगतोय.

आणि विश्वासाचं म्हणशील तर एक सांगतो. २००८ ला हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मेलेली सापडली. सुरुवातीला सांगितलं गेलं, बुडून मेली. आई हटून बसली, दुसरं शवविच्छेदन झालं, अंगावर जखमा निघाल्या, तपास सीबीआयकडे गेला. २०१६ ला खालच्या कोर्टात सगळे सुटले, २०१९ ला हायकोर्टाने एकाला दहा वर्षं दिली. मी त्या ठाण्यात नव्हतो. पण त्यानंतर दोन वर्षं मी कुठल्याही किनाऱ्यावर पंचनामा करायला बसलो की मागून कोणीतरी म्हणायचंच, ‘बुडून मेला म्हणून लिही रे’. तेव्हा फेसबुक कोणाकडे होतं? पहिलं वाक्य घाईत बोललं गेलं, ते अकरा वर्षं सगळ्यांना पुरलं.

---

म्हापशेकर वकील

ताई, आधी कायदा सांगतो, मग मत.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ मुळे लष्कर आणि पोलीस यांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. त्यातून १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आला. परवानगीशिवाय पोलिसाने कामगार संघटनेत किंवा राजकीय संघटनेत जायचं नाही, कर्तव्याचा भाग नसेल तर वृत्तपत्रांशी बोलायचं नाही, काही छापायचं नाही. साहित्यिक, कलाविषयक लेखनाला मुभा आहे, म्हणजे तुमचे यजमान कविता छापू शकतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. राज्यात हा कायदा अधिसूचनेने लागू होतो. पण तो बाजूला ठेवला तरी सरकारी नोकराचे आचरण नियम आहेतच, सरकारवर जाहीर टीका करायची नाही आणि कार्यालयातली माहिती बाहेर द्यायची नाही. दिल्ली पोलिसांच्या बिगर-राजपत्रित कर्मचारी संघाची मान्यता काढून घेतली गेली तेव्हा तो संघ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ साली हरला.

याचा अर्थ पोलिसांची संघटना कुठेच नसते असा नाही. केरळात शिपायांची मान्यताप्राप्त संघटना आहे, निवडणुका होतात. आणि गंमत बघा, आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन आहे, तिचं ट्विटर (आताचं एक्स) खातंही आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात वकील आणि पोलिसांत मारामारी झाली. तीन दिवसांनी हजारो पोलीस मुख्यालयाबाहेर धरणं धरून बसले, बायकामुलंही रस्त्यावर आली. त्या वेळी मार खाल्लेल्या पोलिसांच्या पाठीशी देशभरचे पोलीस उभे आहेत असं या असोसिएशनने ट्विटरवर लिहिलं. म्हणजे अधिकाऱ्याने बोललं तर ती असोसिएशन, शिपायाने बोललं तर बेशिस्त. (मी वकील, त्यामुळे त्या मारामारीत कोणाचं चुकलं यावर माझं मत धरू नका.)

आता तुम्ही. पत्नी म्हणून तुमच्यावर यातला कोणताही नियम नाही. तुम्हाला बोलायचा हक्क माझ्याइतकाच आहे. अडचण वेगळी आहे. पानावर अशी गोष्ट आली जी फक्त ड्युटीवरच्या माणसालाच कळू शकते, तर नोटीस तुम्हाला येणार नाही, यजमानांना येईल. आणि कामावर जाऊ नका, सामूहिक रजा टाका असं चुकूनही लिहू नका. कर्नाटकात २०१६ मध्ये सामूहिक रजेची हाक समाजमाध्यमांवरूनच पसरली. ती देणाऱ्या माजी पोलिसावर थेट राजद्रोहाचा गुन्हा लागला आणि रजेच्या दिवशी बहुतेक सगळे कामावर हजर होते.

शिवाय बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख आणि अल्पवयीन मुलांची ओळख पानावर आली तर तो तुमचा स्वतःचा गुन्हा. ‘माझ्या नवऱ्याने आज या मुलीला वाचवलं’ असा फोटो टाकायचा मोह होईल. टाकू नका.

---

फिलाडेल्फियातला फोंडेकर

वकीलसाहेबांनी मुलांच्या फोटोचं म्हटलं म्हणून लिहितो. मूळचा फोंड्याचा, सोळा वर्षं फिलाडेल्फियात आहे. ताईंच्या मावसभावाने सांगितलं ते खरंय, पण अर्धं.

इथे फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस नावाची संघटना आहे, साडेतीन लाखांवर सभासद असल्याचं ती सांगते. २०२० च्या ऑक्टोबरात आमच्या शहरात पोलिसांच्या गोळीने एक माणूस मेला आणि रात्री दंगल उसळली. दोन-तीन दिवसांनी या संघटनेच्या राष्ट्रीय खात्यावर एक फोटो आला. पोलीस बाई, तिच्या खांद्याला बिलगलेलं दोन वर्षांचं बाळ. खाली मजकूर असा की दंगलीत हे मूल हरवलं होतं, अनवाणी फिरत होतं, आम्ही त्याला सांभाळलं, आम्ही तुमचे शत्रू नाही. मी स्वतः तो फोटो दोन मराठी ग्रुपवर पाठवला. डोळ्यात पाणी आलं होतं हो.

मूल हरवलेलं नव्हतंच. त्याची आई त्याला मागच्या सीटवर घेऊन गाडीने जात होती, रस्त्यात पोलिसांचा घोळका लागला, ती गाडी वळवत होती. पोलिसांनी काचा फोडल्या, आईला ओढून खाली पाडलं, मारलं आणि पोर काढून घेतलं. ह्याचा व्हिडिओ वरच्या मजल्यावरून कोणीतरी काढला होता. संघटनेने पोस्ट काढून टाकली. पुढच्या वर्षी शहराने त्या आईला वीस लाख डॉलर भरपाई दिली. पैसे करदात्यांचे, म्हणजे त्यात माझेही दहा-वीस सेंट असतील.

न्यूयॉर्कचं ऐका. २०२० च्या जूनमध्ये तीन पोलिसांनी एका प्रसिद्ध बर्गरवाल्याकडे मिल्कशेक घेतले, चव विचित्र लागली. रात्रीतच पोलीस युनियनांनी लिहून टाकलं की आमच्या माणसांवर विषप्रयोग झाला. सकाळ व्हायच्या आत पोलीस खात्याच्याच तपास शाखेच्या प्रमुखांनी सांगितलं, गुन्हा वगैरे काही नाही. मशीन धुतल्यावर साबणाचं पाणी नीट निघालं नव्हतं, एवढंच. पण रात्रभरात हजारो लोकांनी त्या दुकानातल्या पोरांना शिव्या घालून झाल्या होत्या.

आणि शेवटचं. तिथल्या सार्जंटांच्या संघटनेचा अध्यक्ष एड मलिन्स. त्याच वर्षी त्या संघटनेच्या खात्यावरून महापौरांच्या मुलीच्या अटकेचा कागद तिच्या खासगी माहितीसकट टाकला गेला, ट्विटरने खातं काही काळ बंद केलं. सार्जंटांना वाटायचं, आपल्यासाठी भांडणारा कोणीतरी आहे. २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली. खोटी बिलं लावून संघटनेचेच सहा लाख डॉलर खाल्ले होते. भांडतही होता आणि चरतही होता, कुंपणच शेत खात होतं.

युनियन वाईट असं नाही म्हणत मी. माझ्या शेजारी एक पोलीस राहतो. बायकोच्या कॅन्सरमध्ये त्याला रजा मिळाली ती युनियनमुळे, हे त्याने मला बर्फ उपसता उपसता सांगितलं. पण ते काम ट्विटरवर दिसत नाही. ट्विटरवर दिसतं ते भांडण.

---

डिचोलकरीण

सगळ्यांचे आभार. फोंडेकरदादा, तुम्ही सांगितलेलं वाचून मी मशीनचं पेडल थांबवलं. पण थोडं माझंही ऐका. तुम्ही सांगताय त्या मोठ्या संघटना, लाखो डॉलर, वकील, खाती चालवायला पगारी माणसं. आम्ही आठ बायका. एकीचं सासर पेडण्यात, एकीचं काणकोणला, आमची बैठक व्हायची तर कदंब बसच्या वेळा बघाव्या लागतात. आमच्या खोटं बोलण्याला कोण विचारतंय? आणि आम्ही खोटं बोलणारही नाही. जे झालं ते सांगणार. माझ्या नवऱ्याच्या नडगीला निळा डाग होता, मी त्यावर हळद लावली. हे मला लिहायला नको?

---

पणजीचा पायलट

वहिनी, मी बावीस वर्षं मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला. पोलिसांशी माझा रोजचा संबंध, चांगलाही आणि तालांवाचाही, म्हणजे दंडाच्या पावतीचा. रागावू नका, एकच विचारतो.

तुम्ही बावीस सेकंदांच्या आधीचं सगळं सांगितलंत. बॅरिकेड, बंपर, पाचशेची नोट. त्या बावीस सेकंदांतलं काहीच सांगितलं नाही. ढोलामुळे शब्द कळत नाहीत म्हणालात. व्हिडिओ बघणाऱ्याला कळत नसतील. तुम्हाला घरी येऊन त्यांनी सांगितलं असेलच. काय ओरडत होते?

विचारायचं कारण सांगतो. लखनौला २०१८ मध्ये एका शिपायाने रात्री गाडीत बसलेल्या माणसाला गोळी घातली. मोठ्या कंपनीतला मॅनेजर, गुन्हेगार वगैरे काही नाही. आठवडा झाला नाही तोवर काही शिपायांनी काळ्या फिती लावून फोटो टाकले, त्या आरोपीसाठी. फेसबुकवरून त्याच्या बायकोच्या खात्यात पैसे गोळा केले. त्यातले सगळे वाईट होते का? नसणार. त्यांना वाटलं, आपला माणूस. पण माझ्यासारख्याने ते बघितलं की काय वाटतं? की उद्या मला गोळी लागली तर हे सगळे माझ्या विरुद्ध फिती लावून उभे राहणार.

मला पोलिसावर विश्वास वाटला तो एकदाच, तेही फेसबुकवर नाही. सांतिनेजजवळ माझं चुकलं होतं, वनवेत शिरलो. शिपाई म्हणाला, ‘तालांव देतलों, पूण पयलीं हेल्मेटाचो पट्टो लाय, पडशी.’ तालांव दिला. पट्टा पण लावायला लावला. त्याचा कोणी व्हिडिओ काढला नाही.

---

डिचोलकरीण

पायलटबाब, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. पहिल्या दिवशी राग आला म्हणून. दुसऱ्या दिवशी नऊवारी शिवायला आली होती म्हणून.

शिवी दिली. आईवरून. कोकणीत नाही, हिंदीत, म्हणजे समोरच्याला नीट कळावी अशी. दोनदा. आणि नोट त्याच्या हातातून हिसकून गाडीत परत फेकली, ते व्हिडिओत नोट घेतल्यासारखं दिसतं. हे सगळं त्याने मला त्याच रात्री सांगितलं, बूट काढता काढता. प्रश्न लिहिताना मी तिथपर्यंत आले होते, मग ते वाक्य पुसलं. नोट फेकल्याचं पण पुसावं लागलं, कारण ते लिहिलं की शिवीही लिहावी लागली असती, दोन्ही एकाच दमात झालेलं. म्हणजे बघा, ज्याने त्याची बाजू सुटली असती तेच मी लपवलं.

आठवडाभर मनात घोकत होते की आम्ही खोटं बोलणार नाही. पान निघायच्या आधीच एक टाका उसवला.

त्याला विचारलं, पान काढू का? तो जेवत होता. म्हणाला, ‘माझी बाजू मांडशील तर त्या शिवीची पण मांड. मला खुलाशात लिहावी लागली होती.’ मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होते की चौकशीत काही निघालं नाही म्हणजे त्याने नाकारलं असणार. त्याने शिवी लिहून दिली होती, समज मिळाली होती, आणि पैशाचा आरोप खोटा निघाला होता. दोन वेगळ्या गोष्टी. मी त्यांचा एकच गोळा केला होता, त्या व्हिडिओवाल्यासारखाच.

---

वाळपईचो म्हातारो

खुलाशात शिवी लिहून देणारा शिपाई मी चौतीस वर्षांत दोन बघितले. दुसरा तुझा नवरा. पहिल्याचं नाव सांगत नाही, तो अजून माझ्याकडे पत्ते खेळायला येतो.

---

म्हापशेकर वकील

ताई, एक उपयोगाची गोष्ट सांगायची राहिली. पोलिसांविरुद्ध गंभीर तक्रार असेल तर ती ऐकायला आपल्याकडे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालातून आलेलं. ते नागरिकांसाठी. शिपायाच्या ड्युटीचे तास, क्वार्टर्स, रजा यांसाठी असं बाहेरचं दार नाही. तुमचं पान त्या रिकाम्या जागेपुरतं राहिलं तर कोणाला नोटीस काढायला कारण मिळणार नाही. तासांबद्दल लिहा, गुन्ह्यांबद्दल नको.

---

फिलाडेल्फियातला फोंडेकर

वकीलसाहेबांशी सहमत. आणि एक सुचवतो. कोणाची तरी बाजू घ्यायची झाली तर निदान तीन दिवस थांबायचं, असा नियम आठजणींनी करा. त्या बाळाच्या फोटोला तीन दिवस कोणी थांबलं असतं तर मीही तो ग्रुपवर पाठवला नसता. त्या ग्रुपवर नंतर चूक झाली असं लिहिलं का? नाही लिहिलं. आज हे वाचताना आठवलं, आता लिहितो.

---

डिचोलकरीण

शेवटचं कळवते, मग धागा बंद केला तरी चालेल.

काल आमची बैठक झाली. आठपैकी पाच आल्या. एकीचं म्हणणं, नवऱ्यांची बाजू घ्यायची नसेल तर पान कशाला, आणि ती उठून गेली. चहासुद्धा घेतला नाही. तिचं मी चूक म्हणणार नाही, तिच्या नवऱ्यावर सध्या एक चौकशी चालू आहे.

उरलेल्या चौघींनी ठरवलं ते असं. पान सध्या नाही. मी मापं लिहायची वही उलटी करून मागून सुरुवात केली. प्रत्येकीने आपापल्या घरचे तास सांगायचे, गेला किती वाजता, आला किती वाजता, साप्ताहिक रजा मिळाली की रद्द झाली. नाव नाही, ठाणं नाही, केस नाही. पहिल्या पानावर माझी नोंद आहे, शिगमो, दुपारी २ ते पहाटे १.४५, आणि पुढे दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला हजर. एकीच्या घरी सलग एकोणीस दिवस रजा नाही. पावसाळ्यात क्वार्टर्सच्या स्वयंपाकघरात बादली ठेवावी लागते तिचा फोटोही एकीने दिला, पण बादलीवर त्यांचं आडनाव रंगवलेलं होतं म्हणून परत काढायला सांगितला. चवथीपर्यंत वही भरली की मग बघू, पान की अर्ज.

व्हिडिओचं मात्र मी थांबले नाही. महिला मंडळाच्या ज्या ग्रुपवर तो आला होता तिथेच, नवऱ्याला दाखवून, पाच ओळी लिहिल्या. व्हिडिओतला पोलीस माझा नवरा आहे. त्याने पैसे मागितले नव्हते, चौकशीत तसं ठरलं. त्याने शिवी दिली होती, तीही त्याने कबूल केली आणि त्याबद्दल त्याला समज मिळाली. गाडी पोरांच्या अंगावर येत होती. घड्याळाचा पट्टा मी शिवलेला आहे, हवं तर येऊन बघा.

पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. अर्ध्या तासाने बघितलं. दोन हात जोडलेले, एक अंगठा. ज्या बाईने व्हिडिओ टाकला होता तिने लिहिलेलं, ‘अगो, माका खबर नाशिल्लें’. आणि त्याच्या खाली तिसरी एकजण, ‘वहिनी, माझा ब्लाऊज शुक्रवारी मिळेल ना?’

शुक्रवारी मिळेल. बाह्या राहिल्यात.